शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी

रात्रीचे नऊ वाजलेले असतात. ऑपरेशन उद्या सकाळी आठला. रुग्णाला दुपारीच दाखल केले आहे, हातात सलाईनची सुई लावून झाली आहे, घरचे कोणीतरी डबा आणायला गेले आहे. तेवढ्यात सिस्टर फाइल घेऊन येतात. पाच-सहा छापील कागद आणि प्रत्येकावर पेन्सिलीने केलेली फुली. "इथे, इथे आणि इथे सही करा." तुम्ही चष्मा शोधता, पहिल्या दोन ओळी वाचता. "जिवास धोका" हे शब्द दिसतात, पोटात गोळा येतो आणि पुढचे न वाचताच सही करून टाकता.

मी पोटाच्या शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर आहे. काल सही केलेल्या कागदात काय लिहिले होते, असे विचारले तर बहुतेक रुग्ण हसतात. "तुम्ही आहात ना डॉक्टर, आम्ही काय वाचणार?" हा विश्वास आम्हाला आवडतो आणि खरे सांगायचे तर सोयीचाही वाटतो. पण त्या कागदावर तुमच्या शरीराबद्दलचा एक करार लिहिलेला असतो. कोणता अवयव, कोणती बाजू, किती काढायचे, आत काही वेगळे दिसले तर काय करायचे, हे सगळे त्यात असते. तो वाचायला दहा-पंधरा मिनिटे लागतात. ती कशी वापरायची, ते या लेखात पाहू.

संमतीपत्र म्हणजे नेमके काय?

संमतीपत्राबद्दल दोन गैरसमज नेहमी दिसतात. पहिला, ही नुसती औपचारिकता आहे, सही केल्याशिवाय ऑपरेशन होणार नाही म्हणून करायची. दुसरा, एकदा सही केली की डॉक्टर सर्व जबाबदारीतून सुटले आणि आपले सगळे हक्क संपले. दोन्ही समज चुकीचे आहेत.

तुमच्या परवानगीशिवाय तुमच्या शरीराला हात लावण्याचा अधिकार डॉक्टरांनाही नसतो. ती परवानगी दिल्याची लेखी नोंद म्हणजे संमतीपत्र. पण परवानगी खरी ठरायची तर आधी माहिती मिळायला हवी. आजार काय आहे, उपचार कोणता, त्याचा फायदा काय, धोके कोणते, दुसरे पर्याय आहेत का आणि काहीच केले नाही तर काय होईल, एवढ्या गोष्टी तुम्हाला कळतील अशा भाषेत सांगणे हे डॉक्टरांचे काम आहे. आधी बोलणे, मग सही, असा हा क्रम आहे. बोलणे झालेच नसेल, तर सही असूनही ती संमती कच्ची राहते.

सर्वोच्च न्यायालयाने काय सांगितले?

२००८ साली सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील एका प्रकरणात निकाल दिला. भारतात संमतीचा विषय निघाला की आजही तो आधी सांगितला जातो. चव्वेचाळीस वर्षांच्या एक महिला मासिक पाळीत जास्त दिवस रक्तस्राव होतो म्हणून डॉक्टरांकडे गेल्या. दुर्बिणीतून तपासणी करायचे ठरले आणि त्यांनी त्यासाठीच्या कागदावर सही केली. त्यांना भूल दिलेली असताना डॉक्टरांच्या सहायक बाहेर आल्या आणि त्यांनी रुग्णाच्या आईची सही घेतली. त्यानंतर गर्भाशय आणि बीजकोश काढून टाकण्यात आले.

न्यायालयाने म्हटले की रुग्ण सज्ञान होत्या, शुद्धीवर आल्यावर स्वतः निर्णय घेऊ शकत होत्या आणि तेवढा वेळ थांबले असते तर जिवाला धोका नव्हता. म्हणून आईची संमती पुरेशी नव्हती. तपासणीसाठी दिलेली परवानगी अवयव काढण्यासाठी वापरता येत नाही. डॉक्टरांचा हेतू वाईट होता, असे न्यायालयाने म्हटले नाही. उपचार वैद्यकीयदृष्ट्या योग्य असला, तरी परवानगी नसेल तर तो करता येत नाही, हा निकालाचा गाभा आहे.

रुग्ण म्हणून तुमच्यासाठी याचा अर्थ सरळ आहे. कागदावर जे लिहिले आहे, त्यालाच तुम्ही परवानगी देता. म्हणूनच कागदावर काय लिहिले आहे, हे महत्त्वाचे.

चला, एक संमतीपत्र वाचू या

पित्ताशयात खडे आहेत आणि दुर्बिणीतून पित्ताशय काढायचे ठरले आहे, असे समजू. हे ऑपरेशन आपल्याकडे सर्रास होते. त्याच्या संमतीपत्रात साधारण पुढील गोष्टी असतात.

नाव, वय आणि ऑपरेशनचे नाव. हे वरवरचे वाटते, पण आधी तेच तपासा. एका वॉर्डात एकाच नावाचे दोन रुग्ण असू शकतात. हर्निया, मोतीबिंदू, गुडघा, मूत्रपिंड अशा ऑपरेशनमध्ये उजवी की डावी बाजू ते अक्षरात लिहिलेले हवे. मोतीबिंदूत डोळ्याच्या बाजूबरोबर कोणती लेन्स बसवणार तेही लिहिलेले असावे. जिथे रिकाम्या जागा आहेत, तिथे सही करू नका. "नंतर भरतो" असे सांगितले तर "आत्ताच भरा, मी थांबतो" म्हणा. कोऱ्या धनादेशावर आपण सही करत नाही, तसेच हे.

"गरज पडल्यास..." हे शब्द. संमतीपत्रातला हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आणि वाचायचा राहतो तोही हाच. पित्ताशयाच्या ऑपरेशनमध्ये इथे लिहिलेले असते, "गरज पडल्यास पोट उघडून शस्त्रक्रिया करण्यास माझी संमती आहे." हे वाजवी आहे. आत खूप सूज असेल, सगळे चिकटलेले असेल किंवा रक्तस्राव थांबत नसेल, तर दुर्बीण बाजूला ठेवून पोट उघडणे हाच सुरक्षित मार्ग असतो. तो डॉक्टरांचा पराभव नसतो. पण याचा अर्थ मोठा छेद, जास्त दुखणे आणि रुग्णालयात आणखी काही दिवस, हे आधी माहीत असले की शुद्धीवर आल्यावर धक्का बसत नाही.

काही छापील कागदांवर मात्र "डॉक्टरांना योग्य वाटेल ती कोणतीही शस्त्रक्रिया" असे मोघम वाक्य असते. तिथे थांबा आणि विचारा, "कोणत्या परिस्थितीत, काय काय करावे लागू शकते?" मिळालेले उत्तर कागदावर लिहून घ्या. एखादी गोष्ट तुम्हाला मान्य नसेल, उदाहरणार्थ गर्भाशयातील गाठ काढताना गर्भाशय काढणे, तर तेही स्पष्ट लिहा. जीव वाचवण्यासाठी काय करायचे, हा प्रश्न त्या वेळी वेगळा चर्चिला जाईल, पण तो आधी चर्चिला जाईल.

धोके. हा परिच्छेद वाचताना भीती वाटते, हे मला माहीत आहे. प्रत्येक धोका वाचताना दोन प्रश्न विचारा: हे किती जणांना होते, आणि झाले तर पुढे काय? पित्ताशयाच्या ऑपरेशनमध्ये मुख्य पित्तनलिकेला इजा होणे हा गंभीर धोका आहे. तो साधारण हजारात दोन ते पाच रुग्णांत दिसतो, पण झाला तर पुन्हा मोठे ऑपरेशन लागू शकते. जखमेत पू होणे, खांद्यात दोन दिवस दुखणे, मळमळ हे त्यापेक्षा अधिक वेळा दिसते आणि बरे होते. छापील यादीत दोन्ही एकाच ओळीत असतात. त्यांतला फरक कागद सांगत नाही. तो तुमच्या डॉक्टरांनी सांगायचा असतो. शिवाय तुम्हाला मधुमेह, दमा, हृदयविकार असेल किंवा वजन जास्त असेल, तर "माझ्या बाबतीत धोका किती?" हेही विचारा.

पर्याय. अनेक संमतीपत्रांत "इतर पर्याय मला समजावून सांगितले आहेत" एवढेच वाक्य असते. खरेच सांगितले का, ते आठवून पाहा. पित्ताशयात खडे आहेत पण कधीच दुखलेले नाही, दुसऱ्या कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत ते सापडले, अशा बहुतेक रुग्णांना ऑपरेशनची गरज नसते. लक्ष ठेवणे हा तिथे खरा पर्याय आहे. वारंवार दुखत असेल, कावीळ झाली असेल किंवा स्वादुपिंडाला सूज आली असेल, तर पर्याय कमी होतात आणि ऑपरेशन टाळणे धोक्याचे ठरते. तुम्ही कोणत्या गटात आहात, हे सही करण्याआधी कळायला हवे.

भूल. भुलीचे संमतीपत्र बहुतेक वेळा वेगळे असते आणि ते भूलतज्ज्ञांशी बोलल्यावरच भरायचे असते. पूर्ण भूल की पाठीत इंजेक्शन, आधी कधी भुलीचा त्रास झाला होता का, हलणारे दात किंवा कवळी आहे का, उपाशी किती वेळ राहायचे, हे तेव्हा बोलले जाते. सर्वसाधारणपणे हलक्या जेवणानंतर सहा तास आणि साध्या पाण्यानंतर दोन तास थांबावे लागते. पण तुमच्यासाठीची नेमकी वेळ भूलतज्ज्ञच सांगतील. झोपेचे किंवा गुंगीचे औषध दिल्यावर कोणी संमतीपत्र पुढे केले, तर ती सही योग्य मानता येत नाही. सही आधीच व्हायला हवी.

"मी माझ्या आजारांची संपूर्ण माहिती दिली आहे." ही ओळ तुमच्या बाजूची आहे. करार म्हटला की दोन्ही बाजूंनी काहीतरी कबूल करायचे असते. माझ्या एका रुग्णाने या ओळीखाली न वाचताच सही केली होती. दुसऱ्या दिवशी ऑपरेशनच्या अर्धा तास आधी त्यांच्या सूनबाई सहज म्हणाल्या, "बाबांची रक्त पातळ करायची गोळी आज द्यायची का?" ती गोळी त्यांनी आम्हाला सांगितलीच नव्हती. त्यांच्या मते ती "हृदयाची गोळी" होती आणि आम्ही पोटाचे डॉक्टर. ऑपरेशन पुढे ढकलले, हृदयरोगतज्ज्ञांना विचारून गोळी काही दिवस थांबवली आणि मग सगळे नीट पार पडले. सूनबाईंनी विचारले नसते तर टेबलावर रक्त थांबवताना आमची धावपळ झाली असती. त्यात चूक आमचीही होती. आम्ही तो प्रश्न त्यांना कळेल अशा शब्दांत विचारला नव्हता. म्हणून चालू असलेली प्रत्येक गोळी, आयुर्वेदिक काढे, तंबाखू, दारू, जुनी ऑपरेशने, औषधांची ॲलर्जी, सगळे सांगा. शक्य असेल तर औषधांची पिशवीच सोबत आणा.

रक्त, तपासण्या आणि फोटो. रक्त चढवण्याची संमती अनेकदा वेगळी घेतली जाते. एचआयव्ही चाचणीसाठी तुम्हाला माहिती देऊन संमती घेणे २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार आवश्यक आहे. काढलेला भाग तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवण्याची नोंद असेल तर त्याचा अहवाल केव्हा मिळेल तेही विचारा. खड्यांसाठी काढलेल्या पित्ताशयात क्वचित कर्करोग सापडतो, म्हणून तो अहवाल घेतल्याशिवाय राहू नका. शिक्षणासाठी फोटो किंवा चित्रीकरण करण्याची परवानगी मागितलेली असेल, तर तुम्ही ती नाकारू शकता. त्यामुळे उपचारात फरक पडता कामा नये.

"काही झाल्यास डॉक्टर व रुग्णालय जबाबदार राहणार नाही." हे वाक्य वाचून लोक घाबरतात. माहीत असलेला आणि आधी सांगितलेला धोका, सगळी काळजी घेऊनही उद्भवला, तर त्याला निष्काळजीपणा म्हणत नाहीत. पण निष्काळजीपणा झाला असेल, तर अशा एका ओळीमुळे तो माफ होत नाही. पैसे देऊन घेतलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच स्पष्ट केले आहे. तुमचा दाद मागण्याचा हक्क सही केल्यावरही तुमच्याकडेच राहतो.

मध्येच बाहेर बोलावले तर?

ही वेळ सर्वांत जास्त येते ती हृदयाच्या अँजिओग्राफीत. बाबांना आत नेलेले असते. वीस मिनिटांनी नातेवाइकांना बोलावून पडद्यावर चित्र दाखवतात. "इथे नव्वद टक्के ब्लॉक आहे. आत्ताच स्टेंट टाकू का? बाहेर जाऊन ठरवा, दहा मिनिटांत सांगा." त्या दहा मिनिटांत कोणालाच काही सुचत नाही.

यासाठी अँजिओग्राफीच्या आधीच एक प्रश्न विचारून ठेवा: "हे तातडीचे आहे की ठरवून करतोय?" हार्ट अटॅक चालू असेल तर बंद झालेली रक्तवाहिनी जितक्या लवकर उघडेल तितका हृदयाचा स्नायू वाचतो. तिथे चर्चेत वेळ घालवू नका. पण चालल्यावर छातीत दुखते, काही महिने तसेच आहे, अशा स्थिर आजारात सहसा विचार करायला वेळ असतो. अशा रुग्णांत स्टेंटमुळे छातीतले दुखणे कमी होते. पण योग्य औषधे चालू असतील, तर त्यांपैकी बहुतेकांचे आयुष्य स्टेंटमुळे वाढत नाही, असे मोठ्या अभ्यासांत दिसून आले आहे. डाव्या मुख्य रक्तवाहिनीतला अडथळा, हृदयाचे कमी झालेले पंपिंग यांसारखे काही अपवाद आहेत. म्हणून "आज नाही केले तर काय होईल?" हा प्रश्न विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. अँजिओग्राफीत रुग्णाला सहसा पूर्ण भूल दिलेली नसते. फक्त सुई टोचायच्या जागेपुरती बधिरता असते. म्हणजे निर्णय ज्यांचा आहे ते बाबा आत शुद्धीवर असतात. त्यांना विचारा. आधीच्या दिवशी घरी बसून "स्टेंटची गरज निघाली तर काय करायचे?" हे बोलून ठेवले असेल, तर फारच उत्तम.

सही कोणाची?

सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या रुग्णाची सही त्याचीच. नवऱ्याची, मुलाची किंवा जावयाची सही साक्षीदार म्हणून घेतली जाते, पण ती रुग्णाच्या सहीची जागा घेऊ शकत नाही. आपल्याकडे अजूनही आजीच्या ऑपरेशनचा कागद थेट मुलाकडे दिला जातो आणि आजी पलंगावर बसून बघत राहते. "तिला सांगू नका, ती घाबरेल" असेही घरचे सांगतात. त्यामागे प्रेम असते, हे मी जाणतो. पण पोट तिचे आहे. माझा अनुभव असा आहे की नीट समजावून सांगितलेले आजी-आजोबा ऑपरेशननंतर जास्त सहकार्य करतात. काय होणार आहे हे माहीत असल्यामुळे ते लवकर उठून चालू लागतात.

रुग्ण अठरा वर्षांखालील असेल तर आई-वडील किंवा पालक संमती देतात. बेशुद्ध असेल किंवा समजण्याच्या स्थितीत नसेल तर जवळचे नातेवाईक देतात. सज्ञान स्त्रीच्या गर्भपातासाठी कायद्याने फक्त तिची संमती लागते, नवऱ्याची सही अनिवार्य नाही. वाचता येत नसेल तर कागद मराठीत, किंवा रुग्णाला समजणाऱ्या भाषेत, मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. मग अंगठा घ्यावा आणि साक्षीदार शक्यतो रुग्णाच्या बाजूचा असावा. इंग्रजी कागद समोर आला तर मराठी प्रत मागायला संकोच करू नका. ती नसेल तर डॉक्टरांनी मराठीत समजावून सांगितल्याची नोंद त्यावर करून घ्या.

त्याच फाइलमधला पैशांचा कागद

दाखल होताना जे कागद पुढे येतात, त्यात उपचाराच्या संमतीबरोबर खर्चाचे हमीपत्रही असते. "येणारे सर्व बिल मी भरेन" असे त्यात लिहिलेले असते आणि खाली सही करणारा अनेकदा एखादा भाचा किंवा शेजारी असतो, कारण त्या क्षणी तोच हजर असतो. सही करणाऱ्याने स्वतः जबाबदारी घेतली, असा त्याचा अर्थ होतो. म्हणून ही सही कोणी करायची, ते घरात ठरवा.

खर्चाचा अंदाज लेखी मागा. पॅकेज असेल तर त्यात काय धरलेले नाही ते विचारा: औषधे, जाळी किंवा इम्प्लांट, अतिदक्षता विभागाचे दिवस, रक्त, दुसऱ्या तज्ज्ञांची भेट. हृदयाच्या स्टेंटच्या किमतीवर फेब्रुवारी २०१७ पासून सरकारची कमाल मर्यादा आहे आणि बिलात स्टेंटची किंमत वेगळी दाखवावी लागते.

विमा असेल तर खोली निवडण्याआधी पॉलिसी काढून खोलीच्या भाड्याची मर्यादा पाहा. समजा तुमच्या पॉलिसीत रोजचे भाडे ४,००० रुपयांपर्यंत आहे आणि तुम्ही ८,००० रुपयांची खोली घेतली. अनेक पॉलिसींत अशा वेळी फक्त भाड्यातला फरक कापत नाहीत. डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर यांसारखे खर्चही त्याच प्रमाणात, म्हणजे निम्मेच, मंजूर होतात. औषधे, इम्प्लांट आणि तपासण्यांना ही कपात लागू होत नसली, तरी डिस्चार्जच्या दिवशी खिशातून मोठी रक्कम भरावी लागते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली दाखल असाल, तर कोणताही पैशांचा कागद सही करण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. ही योजना रोकडविरहित आहे.

तातडीच्या वेळी

अपघात झाला आहे, रक्त वाहते आहे, रुग्ण बेशुद्ध आहे आणि नातेवाईक अजून पोहोचले नाहीत, अशा वेळी डॉक्टर संमतीची वाट न पाहता जीव वाचवण्यासाठी लागेल तो उपचार करू शकतात आणि त्यांनी तो करायलाच हवा. तुम्ही तिथे हजर असाल तर सगळे कागद वाचत बसू नका. "जीव वाचवण्यासाठी आत्ता काय करताय?" एवढे विचारा, सही करा आणि त्यांना काम करू द्या. बाकीचे कागद नंतर शांतपणे वाचता येतात.

नको म्हणायचे असेल तर

सही केल्यानंतरही, ऑपरेशन सुरू होण्यापूर्वी तुम्ही संमती मागे घेऊ शकता. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायचे असेल तर तसे सांगा. चांगले डॉक्टर त्याचा राग मानत नाहीत. उपचार नाकारून घरी जायचे असेल तर "वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज" असा कागद दिला जातो. तोही वाचा. त्यात घरी जाण्याचे धोके लिहिलेले असावेत, ते तुम्हाला समजलेले असावेत आणि कोणत्या लक्षणांनंतर ताबडतोब परत यायचे, ते विचारून घ्या. तो कागद सही केल्याने परत येण्याचा दरवाजा बंद होत नाही.

तुम्ही सही केलेल्या कागदाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा किंवा प्रत मागा. वैद्यकीय नोंदींची प्रत लेखी मागितल्यावर ७२ तासांच्या आत ती देणे, हे डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेतील कर्तव्य आहे. महाराष्ट्रात २०२१ च्या सुधारित नर्सिंग होम नियमांनुसार रुग्ण हक्कांची सनद रुग्णालयात दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे. रिसेप्शनवर वाट पाहत बसाल, तेव्हा ती शोधून वाचा.

सही करण्यापूर्वी विचारायचे आठ प्रश्न

हे प्रश्न एका कागदावर लिहून सोबत न्या.

१. मला नेमका कोणता आजार आहे आणि ऑपरेशन कशासाठी?
२. ऑपरेशनशिवाय दुसरा पर्याय आहे का?
३. थांबलो तर काय होईल, आणि किती दिवस थांबता येईल?
४. गंभीर धोका कोणता आणि माझ्या बाबतीत तो किती?
५. आत वेगळे काही आढळले तर काय करणार?
६. ऑपरेशन स्वतः कोण करणार आणि भूल कोण देणार?
७. कामावर परत कधी जाता येईल, आणि कायमचा काही फरक पडेल का?
८. एकूण खर्च किती आणि त्यात काय धरलेले नाही?

उत्तरे मिळाली की ऐकलेले तुमच्या शब्दांत डॉक्टरांना परत सांगा: "म्हणजे तुम्ही उजव्या बाजूचा हर्निया दुर्बिणीतून करणार, जाळी बसवणार आणि मी तीन दिवसांनी घरी जाणार, बरोबर?" कुठे गैरसमज असेल तर तो तिथेच उघडा पडतो. मी आता माझ्या रुग्णांना असे सांगायला आवर्जून सांगतो. पुष्कळदा माझ्याच लक्षात येते की मी समजावले वेगळे आणि त्यांना कळले वेगळे.

शेवटची सूचना वेळेबद्दल. ठरवून केलेल्या ऑपरेशनचा कागद आदल्या रात्री नऊला वाचायची वेळ येऊ देऊ नका. तारीख ठरते त्याच दिवशी ओपीडीत संमतीपत्राचा नमुना मागा आणि घरी न्या. जेवणानंतर सगळ्यांनी बसून वाचा, ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवा, न समजलेल्या ओळींखाली रेघ मारा आणि पुढच्या भेटीत त्या रेघांवर बोट ठेवून विचारा. एवढे केलेत, तर सिस्टर फाइल घेऊन येतील तेव्हा वाचायचे काही उरलेले नसेल. तुम्ही फक्त नाव, बाजू आणि तारीख पुन्हा तपासाल आणि शांतपणे सही कराल.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या आजाराबाबतचे निर्णय तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.)